आपल्या वयाचा तारा

(ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला वर्षानुवर्षे लागतात. आज रात्री दिसणारा एखादा किरण तुमच्या जन्माच्या सुमारास निघालेला असतो, तर दुसरा तुमच्या दादीच्या बालपणी. प्रकाशाचा हा प्रवास कसा चालतो आणि माणसाच्या एका आयुष्यात तो किती दूर जातो, हे या पाठात सांगितले आहे.)

रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाची संध्याकाळ आठवा. मगरिबची नमाज होते आणि लहानथोर सगळे गच्चीवर, अंगणात, मैदानात जमतात. सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे लागलेल्या असतात. कोणी म्हणतो, "ढग आहेत, आज काही दिसायचे नाही." कोणी म्हणतो, "जरा थांबा." इतक्यात एखादा लहान मुलगा बोट दाखवून ओरडतो, "तो पाहा, झाडाच्या वर! चाँद दिसला!" मग एकच आनंद होतो.

त्या मुलाचा 'दिसला' हा शब्द लक्षात ठेवा. व्याकरणात त्याला आपण भूतकाळ म्हणतो. विज्ञानाच्या दृष्टीनेही तो शब्द अगदी बरोबर आहे. तुम्ही जी चंद्रकोर पाहता, ती त्या क्षणाची नसते. ती सुमारे सव्वा सेकंदापूर्वीची असते. चंद्रावरून निघालेला प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. सूर्याचा प्रकाश त्याच्यावर पडतो आणि परत फिरतो. तो प्रकाश सूर्यापासून चंद्रापर्यंत यायला आधीच आठ मिनिटांहून अधिक वेळ लागलेला असतो. म्हणजे तुमची अम्मी नमाजेला उभी होती, तेव्हा हा प्रकाश सूर्यावरून निघाला असेल. तुम्ही जिना चढून वर आलात, तेव्हा तो अजून वाटेतच होता!

आपल्याला मात्र यातले काही जाणवत नाही. बटण दाबले की दिवा लागतो आणि त्याच क्षणी खोली उजळते. प्रकाशाला कोठेही जायला वेळ लागत नाही, असेच वाटते. पूर्वी बहुतेक लोकांची हीच समजूत होती. कित्येक विद्वान तर म्हणत, की पाहण्याचे किरण आपल्या डोळ्यांतूनच बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन स्पर्श करतात.

ही समजूत ज्यांनी खोडून काढली, त्यांचे नाव इब्न अल्-हैसम. त्यांचा जन्म सुमारे ९६५ साली बसरा शहरात झाला. पुढे ते कैरो येथे राहिले. 'किताब अल्-मनाजिर' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. ते म्हणाले, "प्रखर सूर्याकडे पाहिले की डोळे दिपतात, दुखतात. मग प्रकाश बाहेरूनच डोळ्यांत येत असला पाहिजे." त्यांच्या म्हणण्याचा हा सारांश आहे. प्रकाशाला एका जागेहून दुसऱ्या जागी जायला वेळ लागतो, पण तो इतका थोडा असतो की आपल्याला कळत नाही, असेही त्यांनी सांगितले. हा विचार त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडला. त्या वेळी तो मोजून दाखवण्याचे साधन मात्र कोणाजवळ नव्हते.

तो पुरावा पुढे आकाशातच मिळाला. गुरू ग्रह तुम्हांला ठाऊक आहे. उर्दूत आपण त्याला मुश्तरी म्हणतो. गुरूला अनेक चंद्र आहेत. त्यांपैकी आयो नावाचा चंद्र साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती एक फेरी पूर्ण करतो. प्रत्येक फेरीत तो गुरूच्या सावलीत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. जणू आकाशात टांगलेले एक घड्याळच! ओले रोमर नावाचे डेन्मार्कचे खगोलशास्त्रज्ञ पॅरिस येथील वेधशाळेत या घड्याळाकडे लक्ष ठेवून होते. त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. पृथ्वी गुरूच्या जवळ येत असते, तेव्हा हे घड्याळ थोडे पुढे जाते. पृथ्वी गुरूपासून दूर जात असते, तेव्हा ते मागे पडते. असे का व्हावे?

रोमर यांनी विचार केला, की घड्याळ चुकत नाही. अंतर वाढले की त्याचा निरोप उशिरा पोहोचतो, एवढेच. १६७६ साली त्यांनी आधीच जाहीर केले, की ९ नोव्हेंबर रोजी आयो नेहमीच्या हिशेबापेक्षा दहा मिनिटे उशिरा सावलीतून बाहेर येताना दिसेल. आणि तसेच झाले! प्रकाशाला प्रवासासाठी वेळ लागतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला प्रकाशाला बावीस मिनिटे लागतात, असा रोमर यांचा अंदाज होता. आजच्या मोजणीप्रमाणे हा वेळ सुमारे सोळा मिनिटे चाळीस सेकंद आहे. पहिल्याच प्रयत्नात आलेले हे उत्तर काही फार चुकलेले नव्हते.

आज आपल्याला प्रकाशाचा वेग अचूक माहीत आहे. तो एका सेकंदात २,९९,७९२ किलोमीटर जातो. आपण सोयीसाठी तीन लाख किलोमीटर म्हणू. पृथ्वीचा घेर सुमारे चाळीस हजार किलोमीटर आहे. म्हणजे तुम्ही 'एक' असे म्हणेपर्यंत प्रकाश पृथ्वीभोवती साडेसात फेऱ्या मारील. याहून वेगवान असे विश्वात काहीही नाही.

आणि तरीही ताऱ्यांच्या बाबतीत हा वेग अपुरा वाटतो. तारे इतके दूर आहेत, की त्यांची अंतरे किलोमीटरमध्ये लिहिताना शून्ये पुरत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी एक वेगळे माप ठरवले. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर जातो, त्याला एक प्रकाशवर्ष म्हणतात. हे अंतर सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर आहे. येथे एक चूक पुष्कळजण करतात, ती तुम्ही करू नका. प्रकाशवर्ष या नावात 'वर्ष' आहे, पण ते काळाचे माप नाही. ते अंतराचे माप आहे.

हे अंतर केवढे, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. 'व्हॉयेजर-१' नावाचे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी पृथ्वीवरून निघाले. ते एका सेकंदात सुमारे सतरा किलोमीटर धावते. इतकी वर्षे ते एक क्षणही थांबलेले नाही. माणसाने बनवलेली कोणतीही वस्तू त्याच्याइतकी दूर गेलेली नाही. या यानाने इतक्या वर्षांत जेवढे अंतर कापले, तेवढे अंतर प्रकाश साधारण एका दिवसात कापतो! असे तीनशे पासष्ट दिवस झाले, म्हणजे एक प्रकाशवर्ष होते. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारासुद्धा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे.

आता आकाशाकडे नव्या नजरेने पाहू. एखादा तारा दहा प्रकाशवर्षे दूर असेल, तर त्याचा आज दिसणारा प्रकाश दहा वर्षांपूर्वी निघालेला असतो. म्हणजे प्रत्येक तारा आपल्याला त्याचा जुना चेहरा दाखवतो. कोणाचा आठ वर्षांपूर्वीचा, कोणाचा शंभर वर्षांपूर्वीचा. मग आपल्या वयाचा तारा कोणता? आपण जन्मलो, त्या सुमारास निघालेला प्रकाश आज कोणत्या ताऱ्यावरून आपल्याकडे येत आहे?

हिवाळ्यात रात्री जेवणानंतर बाहेर या. आकाशात एका ओळीत तीन ठळक तारे दिसतील. ते मृग नक्षत्रातील आहेत. या तिघांची रेषा खाली, आग्नेयेकडे वाढवली की आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा सापडतो. तो व्याध. अरबीत त्याला शिअरा म्हणतात. व्याध ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. तुमचा धाकटा भाऊ साडेआठ वर्षांचा असेल, तर व्याध हा त्याच्या वयाचा तारा. व्याधाच्या उत्तरेला थोडा पूर्वेकडे प्रश्वा नावाचा तारा आहे. त्याचे अंतर सुमारे साडेअकरा प्रकाशवर्षे. पाचवी-सहावीतल्या मुलांनी तो आपला म्हणावा.

पावसाळा संपला की संध्याकाळी डोक्यावर दोन तेजस्वी तारे येतात. त्यांपैकी श्रवण सुमारे पावणेसतरा प्रकाशवर्षे दूर आहे आणि अभिजित पंचवीस. श्रवण हा तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या भावाच्या किंवा बहिणीच्या वयाचा तारा. अभिजित हा तुमच्या एखाद्या तरुण शिक्षकांच्या वयाचा. उन्हाळ्यात नारिंगी रंगाचा स्वाती तारा दिसतो. त्याचे अंतर सदतीस प्रकाशवर्षे. कदाचित तुमच्या अम्मीचा जन्म झाला, त्या वर्षीचा त्याचा प्रकाश आता येथे पोहोचत असेल.

आणि दादीचा तारा? त्यासाठी पुन्हा हिवाळ्याची वाट पाहा. मृगातील त्याच तीन ताऱ्यांची रेषा उलट दिशेला, वायव्येकडे वाढवा. तांबूस रंगाचा एक मोठा तारा दिसेल. ती रोहिणी. तिचे अंतर सुमारे पासष्ट प्रकाशवर्षे आहे. रोहिणीचा जो किरण आज तुमच्या डोळ्यांत शिरतो, तो निघाला तेव्हा तुमची दादी कदाचित पाळण्यात असेल. दादी रांगायला लागली, शाळेत गेली, तिचे लग्न झाले, तुमचे अब्बा जन्मले, मग तुम्ही जन्मलात. या सगळ्या काळात तो किरण वाटेत होता. तो कोठे थांबला नाही, थकला नाही. आज तो तुमच्या अंगणात उतरला.

रोहिणीची आणखी एक गंमत आहे. इंग्रजी पुस्तकांत तिला 'अल्डेबरान' म्हणतात. हा शब्द मुळात अरबी आहे. अद्-दबरान म्हणजे पाठोपाठ येणारा. कोणाच्या पाठोपाठ? जवळच ताऱ्यांचा एक लहानसा झुबका दिसतो. मराठीत त्याला कृत्तिका म्हणतात आणि उर्दूत सुरैया. आकाशात कृत्तिका पुढे जातात आणि हा तारा त्यांच्यामागून जातो, म्हणून त्याचे नाव अद्-दबरान. श्रवण ताऱ्याचे 'अल्टेअर' हे नावही अरबीतून आले आहे. त्याचा मूळ अर्थ उडणारा गरुड असा आहे. एकच तारा, पण मराठीत त्याचे एक नाव, अरबीत दुसरे. जगभरच्या लोकांनी त्यांना आपापल्या भाषेत हाक मारली. तारे मात्र सगळ्यांना सारखेच दिसले.

याहूनही जुना प्रकाश आपण रोज पाहतो. उत्तरेकडचा ध्रुवतारा चारशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचा आजचा प्रकाश निघाला तेव्हा दिल्लीच्या तख्ताचा स्वामी अकबर बादशहा होता आणि अहमदनगरच्या किल्ल्यासाठी शर्थीने झुंजलेली चांदबीबी हयात होती. ९६४ साली अब्दुर्रहमान अस्-सूफी या खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या ग्रंथात आकाशातील एका लहानशा 'ढगा'ची नोंद केली. तो ढग म्हणजे देवयानी दीर्घिका. अब्जावधी ताऱ्यांचे ते एक वेगळेच विश्व आहे. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे पंचवीस लाख वर्षे लागतात. तो निघाला तेव्हा आपल्यासारखी माणसे पृथ्वीवर नव्हतीच.

येथपर्यंत आपण येणाऱ्या प्रकाशाचा विचार केला. आता जाणाऱ्या प्रकाशाचा विचार करू. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडतो. त्यातला काही भाग पृथ्वीवरून परत फिरतो आणि अवकाशात निघून जातो. जो प्रकाश तुमच्या जन्माच्या दिवशी तुमच्या गावावरून निघाला, तो अजूनही चालतोच आहे. तो सर्व दिशांना पसरतो. एक फुगा फुगत जावा, तसा त्याचा गोल दर सेकंदाला तीन लाख किलोमीटर वाढतो. तुम्ही चौदा वर्षांचे असाल, तर तुमच्या जन्मदिवसाचा प्रकाश चौदा प्रकाशवर्षे दूर गेला आहे. तुम्ही साडेआठ वर्षांचे झालात, त्यानंतर लवकरच तो व्याधापर्यंत पोहोचला. तुम्ही साडेअकरा वर्षांचे झालात, तेव्हा त्याने प्रश्वा गाठला. आता तो श्रवण ताऱ्याच्या वाटेवर आहे. तुम्ही सतरावे वर्ष पूर्ण कराल, त्याच्या थोडे आधी तो तेथे पोहोचेल.

आता एक कल्पना करा. प्रश्वाजवळ कोणी बसले आहे आणि आपल्याकडे पाहत आहे. त्याला आज अडीच वर्षांचे तुम्ही दिसाल, अम्मीचे बोट धरून चालणारे. श्रवण ताऱ्यावरच्याला तुम्ही दिसणारच नाही. तुमचे घर दिसेल, पण तुमचा जन्म झालेला नसेल. स्वातीजवळ तुमची अम्मी तान्ही असेल. रोहिणीजवळ तुमची दादी नुकतीच जगात आलेली असेल. घरातल्या जुन्या फोटोंचा अल्बम उघडावा आणि त्याचे एकेक पान एकेका ताऱ्यावर ठेवलेले असावे, तसे हे आहे.

अर्थात ही फक्त कल्पना आहे. खरोखर कोणी तेथे असले, तरी त्याला आपले घर दिसणार नाही. असे का, ते एका प्रयोगाने समजेल. अंधारात भिंतीजवळ बॅटरी धरा. भिंतीवर लहान आणि प्रखर गोल दिसेल. आता मागे मागे जा. गोल मोठा होत जाईल, पण फिकट होत जाईल. अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. म्हणून तो एक-चतुर्थांश होतो. अंतर दसपट झाले की तो शंभरावा भाग उरतो. ताऱ्यांच्या अंतरावर तर आपल्या अंगणातून गेलेला प्रकाश इतका विरळ होतो, की मोठमोठ्या दुर्बिणींनाही त्याचा मागमूस लागायचा नाही. शिवाय खुद्द सूर्याच्या झगमगाटात पृथ्वी हरवून जाते. प्रकाश विरळ होतो, हे खरे. पण तो थांबत नाही, हेही तितकेच खरे.

माणसाने एकदा मुद्दाम असा निरोप पाठवला होता. पोर्टो रिको बेटावर अरेसिबो येथे एक प्रचंड रेडिओ दुर्बीण होती. रेडिओ लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्या प्रकाशाच्याच कुटुंबातल्या आहेत आणि त्याच वेगाने जातात. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे तीस मोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तीही दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अशाच लहरी टिपते. अरेसिबोहून मात्र १६ नोव्हेंबर १९७४ रोजी एक संदेश बाहेर पाठवला गेला. त्यात अंकांच्या रूपाने माणसाचे आणि सूर्यमालेचे साधे चित्र होते. तो संदेश पाठवायला तीन मिनिटेही लागली नाहीत. शौरी तारकासमूहातील एका तारकागुच्छाच्या दिशेने तो निघाला. तेथे पोहोचायला त्याला सुमारे पंचवीस हजार वर्षे लागतील.

पुढे काय झाले, ते ऐका. १ डिसेंबर २०२० रोजी ती दुर्बीण कोसळली. तिच्यावर टांगलेला शेकडो टनांचा सांगाडा खालच्या तबकडीवर पडला. ज्या तोंडातून तो शब्द निघाला, ते तोंड आता राहिले नाही. पण शब्द चालतो आहे. पन्नासहून अधिक प्रकाशवर्षे तो दूर गेला आहे. दुर्बीण कोसळली ही बातमी सांगणारा प्रकाशसुद्धा त्याला कधी गाठू शकणार नाही. दोघांचा वेग सारखाच, मग मागून निघालेल्याने पुढच्याला कसे गाठावे?

माणसाच्या आयुष्याचेही काहीसे असेच आहे. घरातले एखादे प्रेमाचे माणूस आज आपल्यात नसते. पण ज्या सकाळी ते अंगणात उन्हात बसले होते, त्या सकाळचा प्रकाश अजून वाटेत असतो. तो प्रकाश त्या माणसाला परत आणत नाही. आपल्याला तो कधी दिसतही नाही. तरी ती सकाळ खरोखर होऊन गेली, तिचा प्रकाश खरोखर निघाला आणि आता तो मागे वळवता येत नाही, एवढे मात्र नक्की.

एका आयुष्याचा हा प्रवास केवढा असतो? आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. समजा, तिचा नकाशा आपल्या महाराष्ट्राएवढा काढला. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे आठशे किलोमीटर आहे. या नकाशावर एक प्रकाशवर्ष म्हणजे फक्त आठ मीटर! तुमच्या चौदा वर्षांचा प्रकाश एकशे बारा मीटर गेला असेल, म्हणजे शाळेच्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एखादी व्यक्ती ऐंशी वर्षे जगली, तर तिच्या जन्मदिवसाचा प्रकाश सहाशे चाळीस मीटर जाईल. घरापासून शाळेपर्यंत जावे, एवढाच. बाकीचा सगळा महाराष्ट्र पुढे पसरलेलाच राहतो.

हे ऐकून छाती दडपते. एवढ्या मोठ्या विश्वात आपले आयुष्य किती लहान! पण याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहा. रोहिणीला तुम्ही विचारलेत, "तू आज कशी आहेस?" तर प्रश्न पोहोचायला पासष्ट वर्षे लागतील आणि उत्तर यायला आणखी पासष्ट. त्या उत्तरासाठी तुमचे सगळे आयुष्यही पुरणार नाही. ताऱ्याची फक्त जुनी हकिकत आपल्याला मिळते, ताजी कधीच मिळत नाही.

तुमची दादी मात्र खाटेवर तीन मीटरांवर बसलेली आहे. तिच्या चेहऱ्यावरून निघालेला प्रकाश तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. साऱ्या विश्वात इतकी ताजी खबर दुसरी नाही. तेव्हा या हिवाळ्यात एका रात्री दादीचा हात धरून तिला अंगणात आणा. शाल अंगावर घाला. तांबूस रोहिणी दाखवा आणि म्हणा, "दादी, हा प्रकाश तुमच्या लहानपणी निघाला होता. तेव्हा आपले घर कसे होते? तुम्ही कोणते खेळ खेळत होता?" रोहिणीच्या किरणाला त्या दिवसांतले काही सांगता येत नाही. दादीला सांगता येते. आणि ते ऐकायला पासष्ट वर्षे थांबावे लागत नाही.

शब्दार्थ

चंद्रकोर – चंद्राचा बारीक, वाकडा भाग, हिलाल
समजूत – कल्पना, मत
खोडून काढणे – चूक आहे असे दाखवून देणे
वेधशाळा – ग्रहताऱ्यांचा अभ्यास करण्याची जागा
कक्षा – ग्रहाचा फिरण्याचा मार्ग
आग्नेय – पूर्व आणि दक्षिण यांमधील दिशा
वायव्य – पश्चिम आणि उत्तर यांमधील दिशा
झुबका – घोस, गुच्छ
दीर्घिका – अब्जावधी ताऱ्यांचा प्रचंड समूह
अवकाश – पृथ्वीच्या वातावरणाबाहेरची मोकळी जागा
तान्ही – अगदी लहान, दूध पिणारी
विरळ – पातळ, तुरळक
हकिकत – घडलेली गोष्ट

वाक्प्रचार

डोळे दिपणे – तेजाने डोळ्यांपुढे काही न दिसणे
शर्थीने झुंजणे – सर्व शक्तीनिशी लढणे
हयात असणे – जिवंत असणे
मागमूस न लागणे – कोणतीही खूण न सापडणे
छाती दडपणे – भीती किंवा आश्चर्य वाटून मनावर दडपण येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) इब्न अल्-हैसम यांचा प्रसिद्ध ग्रंथ कोणता?
(२) आयो गुरूभोवती किती वेळात एक फेरी पूर्ण करतो?
(३) प्रकाशवर्ष हे कशाचे माप आहे?
(४) 'अद्-दबरान' या शब्दाचा अर्थ काय?
(५) अस्-सूफी यांनी नोंदवलेला 'ढग' म्हणजे काय?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) 'चाँद दिसला' या वाक्यातील भूतकाळ विज्ञानाच्या दृष्टीनेही बरोबर का आहे?
(२) रोमर यांनी १६७६ साली काय जाहीर केले आणि त्यातून काय सिद्ध झाले?
(३) दूर गेलेला प्रकाश विरळ का होतो? बॅटरीच्या प्रयोगाच्या आधारे सांगा.

प्र. ३. कारणे लिहा.
(१) अरेसिबोची दुर्बीण कोसळली, तरी तिचा संदेश चालतो आहे; कारण...
(२) रोहिणीची ताजी हकिकत आपल्याला कधीच मिळत नाही, कारण...

प्र. ४. जोड्या लावा.
'अ' गट : (१) व्याध (२) श्रवण (३) स्वाती (४) रोहिणी
'ब' गट : (अ) ३७ प्रकाशवर्षे (आ) ६५ प्रकाशवर्षे (इ) ८.६ प्रकाशवर्षे (ई) पावणेसतरा प्रकाशवर्षे

प्र. ५. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(१) दादी शाळेत गेली. (भविष्यकाळ करा.)
(२) तो प्रकाश श्रवण ताऱ्यापर्यंत पोहोचेल. (भूतकाळ करा.)
(३) तारे सगळ्यांना सारखेच दिसले. (वर्तमानकाळ करा.)

प्र. ६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
डोळे दिपणे, हयात असणे, छाती दडपणे

प्र. ७. तुमच्या शब्दांत सात-आठ ओळी लिहा.
पाठाच्या शेवटी लेखक दादीला अंगणात आणायला का सांगतो?

उपक्रम
(१) घरातील प्रत्येक व्यक्तीचे वय लिहा. पाठात दिलेल्या ताऱ्यांपैकी कोणता तारा कोणाच्या वयाच्या सर्वांत जवळचा आहे, ते शोधा. त्याचा तक्ता वर्गात लावा.
(२) घरातील सर्वांत वडील माणसाला त्यांच्या लहानपणाविषयी पाच प्रश्न विचारा. उत्तरे मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.